बंडूची आंघोळ

आमच्या घरात राजकारणावरून भांडणं होत नाहीत, बंडूच्या आंघोळीवरून होतात. बंडू म्हणजे दादा-वहिनीचा पिवळा लॅब्राडॉर. वय पाच, वजन 34 किलो, मुक्काम ठाण्यात घोडबंदर रोडवर नवव्या मजल्यावर. दर रविवारी सकाळी त्याला ओढत बाथरूममध्ये नेतात. तासाभराने तो बाहेर येतो, तेव्हा घरातल्या झाडून सगळ्या माणसांना कपडे बदलावे लागतात.

वहिनी या प्रथेची संस्थापक. विरोधी पक्ष यंदा जुलैत सावंतवाडीहून आला. अण्णा, म्हणजे आमचे मोठे काका, पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म गाई-म्हशींच्या गोठ्यांत गेला, कुत्री वाटेत भेटत गेली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. डोळ्यांमुळे वाचन बंद, टीव्ही बंद, म्हणून त्यांचं सगळं लक्ष बंडूवर. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर जे सुरू झालं ते जवळजवळ तसंच्या तसं देतो. मधे मधे तोंड घातलं आहे, ती सवय जुनी.

अण्णा : उद्या परत आंघोळ? अगो, मागच्या रविवारीच झाली ना त्याची?

वहिनी : दर रविवारी असते, अण्णा.

अण्णा : कुणी सांगितलं?

वहिनी : सांगायला कशाला हवं? वास येतो.

अण्णा : कुणाला?

वहिनी : म्हणजे काय, कुणाला?

अण्णा : त्याला तर येत नाही. त्याला स्वतःचा वास बरा वाटतो. वास येतो तुला. म्हणजे आंघोळ तुझी, पाणी पडतं त्याच्या अंगावर.

वहिनी : बरं, माझी तर माझी. तो माझ्या गादीवर झोपतो. तुमचा वाघ्या खळ्यात झोपायचा. खळ्याचं काय, शेणाने सारवलं की झालं. माझी गादी कशाने सारवू?

अण्णा हसले, पण मुद्दा सोडला नाही. वाघ्या या त्यांच्या कुत्र्याला जन्मात कधी साबण लागला नाही, हे त्यांचं पहिलं प्रमाण. पावसात भिजायचा, मातीत लोळायचा, उन्हात वाळायचा. वाळलेली माती झडली की खालून अंग चकचकीत. वर बैलांच्या खराऱ्याचे चार हात मारले की काम संपलं.

वहिनी : वाघ्या गावठी होता. आखूड केसांचा, अंगाला चिकटून बसलेल्या. बंडूला दोन थर आहेत. वरचे केस राठ, आणि खाली लोकरीसारखी भरगच्च लव. त्यात काय काय अडकतं ते दाखवू का? व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी उघडते.

अण्णा : नको, जेवण झालंय. पण ती लव कशासाठी आहे हे माहितेय? या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या बर्फासारख्या पाण्यात कोळ्यांबरोबर काम करायचे. निसटलेले मासे पकडून आणायचे, जाळ्यांचे दोर ओढायचे. पाणी कातडीपर्यंत पोचू नये म्हणून हा दुहेरी कोट आणि त्यावर तेल. केसाच्या मुळाशी ग्रंथी असते, तिथून ते तेल पाझरतं. तुझ्या नाकाला जो वास येतो त्यातला बराचसा त्या तेलाचा. तू दर रविवारी ते धुतेस, त्याचं अंग ते पुन्हा बनवतं. तुम्हां दोघांची शर्यत लागलीय.

वहिनी : मी धुते म्हणजे खरवडून काढत नाही. कुत्र्यांचाच शाम्पू आहे, ओटमीलचा.

अण्णा : आधी काय वापरायचीस?

वहिनी : चिंटूचा. लेकाचा बेबी शाम्पू.

अण्णा : आणि त्याआधी?

वहिनी : त्याआधी साबण. पण तो पिल्लू होता तेव्हा.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू साबण मीच आणून दिला होता. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. माणसाची त्वचा आम्लधर्मी, तिचा पीएच 5 च्या आसपास. कुत्र्याची 7 च्या जवळपास, जातीप्रमाणे आणि अंगाच्या भागाप्रमाणे थोडी इकडे-तिकडे. साबणाची वडी 9 ते 10 वर, ती दोघांनाही परकीच. शिवाय कुत्र्याच्या कातडीचा बाहेरचा पदर पातळ असतो. आपल्याकडे पेशींचे 10-15 थर, तर त्याच्याकडे 3 ते 5. केसांचं छप्पर आहे म्हणून त्याला तेवढं पुरतं. घोडबंदर रोडवर उन्हाळ्यात येतं टँकरचं पाणी. अशा जड पाण्यात साबणाचा चिकट साका बनतो आणि लवेच्या तळाशी बसून राहतो. मग कुत्रं खाजवतं. खाजवतं म्हणून आपण त्याला अजून एकदा आंघोळ घालतो.

वहिनी : साबण वाईट, मान्य. पण त्यावरून आंघोळच वाईट असं कसं? आमच्या खालच्या मजल्यावरच्या पगला ॲलर्जी आहे. त्याला डॉक्टरांनीच आठवड्यातून दोनदा आंघोळ लिहून दिलीय. दोनदा! त्याची कातडी नाही का निघून येत?

अण्णा : ते औषध आहे.

वहिनी : औषध असलं तरी पाणी आणि शाम्पूच ना?

अण्णा : क्लोरहेक्झिडिन असेल त्यात. बरोबर बुरशीवरचं काहीतरी, मायकोनॅझोल नाहीतर किटोकोनॅझोल.

वहिनी : तेच. म्हणजे योग्य शाम्पू असेल तर आठवड्यातून दोनदा धुतलेलंही कुत्र्याला सोसतं. मग 'तेल जातं, तेल जातं' म्हणून घाबरवायचं कशाला?

इथे अण्णा जरा थांबले. मला वाटतं हा वहिनीचा गुण. 'वारंवार आंघोळीने कुत्र्याची त्वचा बिघडते' हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय की ते तपासायचं राहूनच गेलंय. ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांना त्वचारोगतज्ज्ञ आठवड्याला आंघोळ सांगतात, कारण कातडीवर बसलेले परागकण, धूळ, जंतू आणि बुरशी धुऊन निघतात. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतली एएसपीसीए ही जुनी प्राणीसंस्था सांगते की किमान तीन महिन्यांतून एकदा तरी आंघोळ घाला. आठवड्यातून दोनदा आणि तीन महिन्यांतून एकदा, दोन्ही सल्ले आपापल्या कुत्र्यासाठी बरोबर. फ्लॅटमधल्या धडधाकट लॅब्राडॉरला साधारण महिना-दोन महिन्यांनी एक आंघोळ पुरते. शिट्झूसारख्या सतत वाढणाऱ्या केसांच्या कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनी लागते, आणि कंगवा रोजच. 'किती दिवसांनी' हा प्रश्न लोकांना आवडतो, कारण त्याचं उत्तर कॅलेंडरवर लिहिता येतं. कातडीकडे रोज बघणं कॅलेंडरवर लिहिता येत नाही.

वहिनी : आणि चिंटूच्या शिंकांचं काय? बंडूला धुतलं की त्याला बरं वाटतं.

अण्णा : वाटतं की असतं?

वहिनी : सोमवारी शिंका कमी असतात.

अण्णा : आणि गुरुवारी?

वहिनी : गुरुवारी... असतात.

हा मुद्दा मी आधीच वाचून ठेवला होता, म्हणून मी मधे पडलो. कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात एक प्रथिन असतं, त्याने माणसाला शिंका येतात. कुत्रा धुतला की ते कमी होतं का, हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं आणि 1999 साली प्रसिद्ध केलं. होतं कमी. पण परिणाम टिकवायचा तर आठवड्यातून किमान दोनदा धुवायला हवं, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे चिंटूसाठी रविवारची आंघोळ हा अर्धाच डोस. कुत्र्याला चिंटूच्या खोलीत झोपू न देणं आणि चादरी गरम पाण्यात धुणं जास्त उपयोगी.

वहिनी : भाऊजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?

मी : बंडूच्या.

वहिनी : मग उद्या तुम्हीच घाला आंघोळ.

यानंतर वहिनीने हल्ल्याची दिशा बदलली. आंघोळ घालायची नाही, घालायची नाही म्हणणाऱ्या गावांत कुत्र्यांच्या अंगाला काय काय फासतात, हे तिनेही लहानपणी जुन्नरला आजोळी पाहिलं होतं.

वहिनी : लूत भरलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायचे. आमच्या आजोळी तर गोचिडांसाठी रॉकेल. आणि एकाने फिनेल घातलं होतं पाण्यात. हे चालतं तुम्हाला, आणि माझा ओटमीलचा शाम्पू चालत नाही?

अण्णा : चालतं असं कोण म्हणालं? ऑइल लावलेली कुत्री मी दवाखान्यात पाहिलीत. कुत्रं अंग चाटतं, हे लोक विसरतात. अंगावर जे लावाल ते संध्याकाळपर्यंत पोटात. रॉकेलने कातडी भाजते, फिनेलने तर लिव्हर जातं. पाण्यात दोन टोपणं डेटॉल घालणारे शहरातही आहेत, विचार तुझ्या सोसायटीत. जमीन पुसायचं वेगळं आणि कातडी धुवायचं वेगळं. मांजरांना तर असली जंतुनाशकं फारच बाधतात.

वहिनी : मग लुतीला तुम्ही काय सांगायचात?

अण्णा : पूर्वी गंधक. खोबरेल तेलात गंधक खलून लावायचं, नाहीतर करंजाचं तेल. गंधकात तथ्य होतं. पण आता त्यापेक्षा सोपी आणि खात्रीची औषधं आहेत, गोळीने काम होतं. आणि लूत कोणती हे आधी खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. एक लूत माणसालाही खाज देते, दुसरी देत नाही. आंघोळीने यातली एकही जात नाही.

वहिनी : कडुनिंबाचा पाला?

अण्णा : उकळून, गाळून, गार करून शेवटचा तांब्या ओतलास तर ओत, बिघडत नाही. गोचीड त्याने मरत नाही. रिठा-शिकेकाई डोळ्यांत गेली तर मात्र बोंब मारेल. आणि ते टी ट्री ऑइल म्हणून काय विकतात ना, नैसर्गिक म्हणून, ते अजिबात नको. कुत्र्याला विषारी आहे ते.

अण्णांच्या तोंडून टी ट्री ऑइल ऐकून वहिनी चमकली. मला नवल वाटलं नाही. निवृत्तीनंतर गावातल्या प्रत्येक शेळी-कुत्र्याचा सल्ला फोनवर त्यांनाच विचारतात, आणि हल्ली शहरातून सुट्टीला येणारी कुत्री सोबत बाटल्यांची पिशवी घेऊन येतात. अण्णा ती पिशवी आधी बघतात.

अण्णा : घालतेस कशी ते सांग. पहिल्यापासून.

वहिनी : बाथरूममध्ये नेते, हँडशॉवर सोडते...

अण्णा : थांब. खरारा?

वहिनी : ब्रश नंतर करते, वाळल्यावर.

अण्णा : उलटं. कोरड्या अंगावर आधी. सुटलेली लव आधी काढ, मग पाणी. गुंता तसाच ठेवून भिजवलास की तो आवळतो. शिट्झूच्या केसांत असा गुंता झाला की कातरीशिवाय निघत नाही, कातडीही ओढली जाते. लॅबचं तेवढं होत नाही, पण सुटी लव ओली होऊन मधेच बसते आणि खालची कातडी तासन्‌तास ओली राहते. अर्धी आंघोळ ब्रशनेच होते. चार दिवसांनी एकदा नीट ब्रश केलास तर तुझ्या रविवारांतले तीन रविवार गळून पडतील.

वहिनी : पाणी कोमट असतं.

अण्णा : कोमट म्हणजे तुझं की त्याचं? तू अंगावर घेतेस तेवढं गरम नको. त्याच्या शरीराचं तापमान 38-39 अंश, आणि घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून. बंद बाथरूम, गिझरची वाफ आणि गरम पाणी, म्हणजे तो तिथे उकडतो. कोपर बुडवून बघ, गरम लागू नये, गारही लागू नये.

वहिनी : आणि डोक्यापासून सुरुवात.

अण्णा : डोकं शेवटी. तोंडावर पाणी पडलं की तो अंग झाडणारच.

अंग झाडण्यावर एक छान संशोधन आहे. जॉर्जिया टेकमधल्या अभ्यासकांनी 2012 साली उंदरापासून अस्वलापर्यंतच्या प्राण्यांचं अंग झाडणं कॅमेऱ्याने टिपलं. प्राणी जितका लहान तितका झाडण्याचा वेग जास्त, कारण लहान अंगावरून थेंब उडवायला जास्त जोर लागतो. उंदीर सेकंदाला तीसेक हेलकावे देतो, लॅब्राडॉरएवढा कुत्रा चार-पाच. कुत्र्याची कातडी सैल असते, त्यामुळे ती कण्यापेक्षा दुप्पट-तिप्पट फिरते, आणि अंगावरचं सुमारे 70 टक्के पाणी काही क्षणांत उडतं. वहिनीच्या बाथरूममध्ये हे पाणी कुठे जातं हे शोधायला कॅमेरा लागत नाही. पण उरलेल्या 30 टक्क्यांचा प्रश्न मोठा, आणि रात्रीच्या चर्चेचा खरा भाग तोच होता.

वहिनी : शाम्पू मात्र मी पातळ करून घेते. जुन्या बाटलीत पाणी घालून ठेवलंय, पंधरा दिवस पुरतं.

हे ऐकून मलाच बोलावं लागलं, कारण मागच्या वर्षीचं प्रकरण अण्णांना ठाऊक नव्हतं. दिवाळीत बंडूला एका पार्लरला नेलं होतं. मस्त फुलून आला, गळ्यात रुमाल. दुसऱ्या दिवशी पाठीला हात लावू देईना. तिसऱ्या दिवशी ताप, पाठीवर पुवाचे फोड, आणि असं दुखणं की बसवत नव्हतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आंघोळ कधी झाली? पाणी घालून ठेवलेल्या शाम्पूच्या बाटलीत स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो. केसांच्या उलट दिशेने जोरात चोळलं की तो केसाच्या मुळाशी खोल जातो आणि मूळच फुटतं. कित्येक आठवडे अँटिबायोटिक चाललं. त्या दुकानात काय झालं हे कुणी सिद्ध केलं नाही, पण तोच प्रकार घरी सुरू आहे हे मला त्या रात्री कळलं.

अण्णा : बाटली आण.

वहिनी : आत्ता?

अण्णा : आत्ता.

बाटली आली, वास घेतला गेला आणि ती सिंकमध्ये रिकामी झाली. लागेल तेवढाच शाम्पू त्या वेळी मगात कालवायचा, उरला तर फेकायचा, चोळायचं ते केसांच्या दिशेने, असं ठरलं. या एका गोष्टीवर दोन्ही पक्ष एका झटक्यात एकत्र आले. पुढे जमायला वेळ लागला.

वहिनी : आणि फेस किती वेळ ठेवायचा? पगवाल्या काकू म्हणतात दहा मिनिटं.

अण्णा : तो औषधी शाम्पू आहे, त्याला दहा मिनिटं लागतात. घड्याळ लावून. लगेच धुतलं तर पैसे गटारात. साध्या शाम्पूला नाही लागत एवढी. धुवायला मात्र दुप्पट वेळ दे. काखेत, जांघेत, पोटाखाली. हाताला बुळबुळीत लागायचं थांबलं की अजून दोन मग.

वहिनी : दहा मिनिटं तो उभा कसा राहणार?

अण्णा : खायला दे. भिंतीला चिकटव काहीतरी, चाटत बसेल.

वहिनी : पीनट बटर लावते मी टाइलला.

अण्णा : त्यात झायलिटॉल नाही ना बघ. ते गोड असतं, माणसाला चालतं, कुत्र्याला विष आहे. त्यापेक्षा घट्ट दही लाव.

आता वाळवणं. अण्णांच्या मते पावसाळ्यात घाटाखाली लॅब्राडॉरला आंघोळ घालणं म्हणजे पापड भर पावसात घालण्यासारखं. जुलैत इथली हवाच ओली असते. वरचे केस टॉवेलने कोरडे वाटतात, खालची लव रात्रीपर्यंत दमट राहते. तिथे जंतू आणि बुरशी फोफावतात, आणि ज्या वासासाठी आंघोळ घातली तोच दुप्पट होऊन परततो. ओल्या कुत्र्याचा वास म्हणतात तो याच सूक्ष्मजीवांनी केसांवर तयार केलेल्या पदार्थांचा, पाण्याबरोबर हवेत उडणारा.

अण्णा : मानेखाली, शेपटीच्या मुळाशी हात घालून बघितलंस कधी? दुपारी चारला?

वहिनी : ड्रायर लावते.

अण्णा : कोणता? तुझा केसांचा?

वहिनी : गरमवर नाही लावत.

अण्णा : ते बरं. कातडीला लागून गरम वारा नको. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर पिंजऱ्यात बसवून गरम हवा सोडणारे लोक आहेत, पग जीवानिशी जातो त्यात. पण तुझा ड्रायर इवलासा, हा 34 किलोचा. किती वेळ लावतेस?

वहिनी : कंटाळा येईपर्यंत.

अण्णा : कुणाला?

वहिनी : दोघांना.

मागच्या श्रावणात बंडूच्या गालाखाली एका रात्रीत तळहाताएवढा चिकट, लाल, केस गेलेला चट्टा उठला होता. याला हॉट स्पॉट म्हणतात. कातडी ओली राहते, कुत्रं खाजवतं आणि तासातासाने जखम पसरते. तो रविवारनंतरचा मंगळवार होता, हे वहिनीनेच आठवून सांगितलं. तिची ही गोष्ट मला आवडते. पुरावा विरुद्ध जात असला तरी ती तो लपवत नाही.

वहिनी : पण मग पावसाळ्यात काय करायचं? रोज दोनदा खाली नेते. चिखल, डबकी, उंदीर. लेप्टोची भीती नाही का? घाण पाय घेऊन वर येतो.

अण्णा : पाय धू की. पाय धुणं म्हणजे आंघोळ नव्हे. बादलीत चारही पंजे बुडव, बोटांच्या फटी कोरड्या कर, पोटाला ओला फडका फिरव, झालं. लेप्टोची लस दर वर्षी घेतेस ना? उंदराच्या मुताने तो पसरतो, त्यामुळे डबक्यात तोंड घालू देऊ नकोस हे जास्त महत्त्वाचं. तुझ्या हाताला जखम असेल तर हातमोजे घाल. अंगभर भिजवायचं ते ऊन पडेल त्या दिवशी. रविवारच का? ऊन काय रविवार बघून पडतं?

वहिनी : सुट्टी रविवारी असते, अण्णा. ऊन बुधवारी पडलं तर मी ऑफिसमधून येऊ का?

याला अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडेच नाही. शहरातल्या कुत्र्याचं सगळंच मालकाच्या सुट्टीवर बेतलेलं असतं, मग ते चालणं असो की आंघोळ. तरी वहिनीने एक तडजोड मांडली : जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदाच, सकाळी नऊच्या आत, पंखा पूर्ण वेगात आणि मोठा ब्लोअर विकत घेऊन. अण्णांनी ब्लोअरची किंमत विचारली, ऐकली आणि विषय कानांकडे नेला.

अण्णा : कानांत कापूस?

वहिनी : घालते. पण तो झाडून टाकतो.

अण्णा : मग पाणी जातं. लॅबचे कान लोंबते, आत वारा नाही. ओल राहिली की कान पिकला. झाकण उघडून बाहेरचा भाग फडक्याने पूस, डॉक्टरांनी दिलेलं कान धुवायचं औषध घाल. बड्स आत खुपसू नकोस. मान तिरकी धरली किंवा सारखा कान खाजवला तर डॉक्टर.

वहिनी : आणि शेपटी? कर्जतला तळ्यात पोहला तेव्हा शेपटी लुळी पडली होती. मला वाटलं मोडली.

अण्णा : मोडली नव्हती. गार पाण्यात फार वेळ राहिला आणि पोहला की शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात. लॅबना होतं हे. आठवडाभरात येते जागेवर.

वहिनी : पाच दिवसांत आली.

अण्णा : म्हणून सांगतो, थंडीत गार नळाखाली धरू नकोस.

इतक्यात बंडू उठला आणि अण्णांच्या पायाशी येऊन आडवा झाला. अण्णांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण त्यांचे हात सवयीने त्याच्या अंगावर फिरायला लागले. मानेखाली, काखेत, कानाच्या कडेला, बोटांच्या फटीत. चाळीस वर्षं जनावरं चाचपलेला माणूस. कानामागे बोटं थांबली.

अण्णा : अरे मेल्या! अगो, गोचीड आहे की याला.

वहिनी : कसं शक्य आहे? सहा दिवसांपूर्वी आंघोळ झालीय!

अण्णा : आंघोळीने गोचीड जातो, असं तुला वाटतं?

वहिनी : गोचिडांच्या शाम्पूने...

अण्णा : अंगावर त्या वेळी जो असेल तो कदाचित. बाकीचे घरात आहेत. हा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे राहतो. मादी रक्त पिऊन फुगली की उतरते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. तू कुत्रा धुवत बसतेस, आणि गोचीड चौकटीत बसून वाट बघतो. याच गोचिडाने ताप येतो यांना, एर्लिचिया म्हण, बॅबेसिया म्हण. हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. आमच्या दोडामार्गात 2016 पासून माकडताप आला, तो वेगळ्या गोचिडाचा, रानातला. पण तेव्हापासून गावात गोचीड या शब्दालाच माणसं दचकतात. चिमटा आण. आणि रॉकेल नको, आगकाडी नको. कातडीला लागून पकडायचा, सरळ ओढायचा, नखाने चिरडायचा नाही.

चिमटा आला. अण्णांनी जागा बोटाने दाखवली, वहिनीने ओढला, गोचीड स्पिरिटच्या बाटलीत गेला. मग ती औषधाचा डबा घेऊन आली. मानेवर घालायचे थेंब होते, घालायची तारीख उलटून दहा दिवस झालेले.

वहिनी : उद्या आंघोळ झाली की घालते.

अण्णा : बघ, इथेच लोक चुकतात. हे थेंब कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतात. आंघोळीने तेलच गेलं तर पसरणार कशातून? आधी 48 तास आणि नंतर 48 तास पाणी नाही. दर रविवारच्या आंघोळीने तुझं महिन्याचं औषध किती दिवस टिकत असेल, विचार कर. गोळी असती तर प्रश्न नव्हता, ती रक्तातून काम करते.

वहिनी : म्हणजे माझ्या आंघोळीमुळे गोचीड?

अण्णा : मी तसं म्हटलं नाही.

वहिनी : म्हटलंत तुम्ही.

अण्णा : बरं, म्हटलं.

वहिनी : ठीक आहे. थेंब आत्ता घालते. उद्याची आंघोळ रद्द. सोमवारी रात्रीपर्यंत पाणी नाही. बुधवारी घालू.

अण्णा : बुधवारी माझे डोळे तपासायला जायचंय.

वहिनी : गुरुवारी?

मी : गुरुवारी सोसायटीत पाणी नाही. टाक्या धुणार आहेत.

वहिनी : मग शुक्रवारी मी सुट्टी टाकते. ऊन पडलं तर. आणि अण्णा, खरारा तुम्ही करायचा, आंघोळीच्या आधी. बाल्कनीत. घरात नाही.